भट्टीत भरलेली लोकर

१० जानेवारी
माझा दोस्त डेल्बर्ट म्हणाला, "लेका, तू मांस भाजतोस की आख्खं टेक्सस तापवतोस?" खरंच आहे! उत्तरेचा वारा सुटला की धुरावर मांस भाजायच्या माझ्या स्मोकरची भट्टी ओकची लाकडं नुसती गिळते. सकाळभर तेच — लाकूड टाका, दार लावा, तापमानाचा काटा बघा.
शेजारची व्लास्ता नेहमीसारखी फाटकातून आली. खुर्ची भट्टीजवळ ओढली, गुडघे शेकले, खसखस भरलेले गोड पाव, तिचे ते कोलाचे, दिले आणि माझ्या ब्रिस्केटला, गाईच्या छातीच्या भाजलेल्या मांसाला, नावं ठेवली. दर शनिवारचं आहे हे. माझी बायको हेलन गेल्यापासून माझ्याशी एवढं बोलणारं दुसरं कोणी नाही.

१४ जानेवारी
भट्टीला बाहेरून दुसरा पत्रा चढवला. मधल्या फटीत उष्णता अडवणारी सिरॅमिकची लोकर ठासली — अंगभर खाज! कडा वेल्ड केल्या. आत जाळ केला, बाहेरून हात लावला. कोमट! साठी उलटलेला माणूस मी, अंगणात एकटाच नाचलो.

१७ जानेवारी
निम्मीच लाकडं लागली! ब्रिस्केट लोण्यासारखं.
व्लास्ता आली, बसली, पत्र्याला हात लावला. "अगं बाई, ही तर विझलीय!" मी लोकर, पत्रा, सगळं समजावलं. बढाईच मारली म्हणा ना. "शहाणा आहेस," म्हणाली. कोलाचे ठेवले आणि थंडी वाजते म्हणून निघून गेली.

२४ जानेवारी
आली नाही.

३१ जानेवारी
आजही नाही. डेल्बर्ट पोट धरून हसला. "अरे अकलेच्या कांद्या, ती जिथं शेकायला यायची तेच तू गार केलंस!" भडकलो त्याच्यावर. मग एकटाच जेवलो. तिची फार आठवण येते — लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय!

७ फेब्रुवारी
जाळ न करता ग्राइंडर घेऊन पत्रा कापायला बसलो. आवाज ऐकून व्लास्ता धावत आली. "हे काय चाललंय?"
"लोकर काढतोय. तुझ्या गुडघ्यांसाठी."
कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "एर्विन, माझ्या घरी हीटर आहे! हा गाढव बोलवायला कधी येतो, याची वाट बघतेय मी इतके दिवस."
ग्राइंडर खाली ठेवला. चीर वेल्ड करून बुजवली, भट्टी पेटवली, ब्रिस्केट चढवलं. संध्याकाळपर्यंत दोघं स्वयंपाकघरात बोलत बसलो. भट्टी बिचारी आपली आपण नीट चालली!

१५ फेब्रुवारी
चर्च सुटल्यावर फादरना भेटलो. दोघं. लग्नासाठी ईस्टरनंतरचा पहिला शनिवार रिकामा आहे म्हणाले — तोच घेतला!