धाकटी अजून बाहेर हाये

१ डिसेंबर, सोमवार
आले बाई एकदाची बदनापूरला. जीपमधी अकरा माणसं, दोन शेळ्या अन् मी. एका शेळीनं माझ्या पिशवीतली मेथी खाल्ली. मालकाला म्हणलं, आता रोजचं दूध माझ्या घरी पोचवायचं. तो बिचारा खरंच पत्ता विचारून राह्यला.

नोकरी सोपी हाये. साहेबरावांचं ऑफिस शेतकऱ्यांना फोन करून हवामान सांगतं, कधी फवारायचं, कधी थांबायचं. फोन मशीन लावतं. मी ऑफिस उघडायचं, झाडायचं, मशीन चालू-बंद करायचं. सातवी शिकलेली चालती म्हणे. ऑफिस वर, माझी खोली खाली. साहेबराव म्हणले, बेबीनंदाबाई, दिवसभर इथं कोणी नसतंय, करमंल का. मी म्हणलं, मालक वारल्यापासून भांडायला कोणी न्हाई, म्हणून तर वजन वाढलं.

वही प्रीतीनं दिली. लेक पुण्याला असती, आठवा सरत आला. अठरा तारखेला बाळंतपणाला माझ्याकडंच येणार. खोलीत एक खाट मावती. ती तिला, मी खाली.

२ डिसेंबर, मंगळवार
तृप्ती म्याडम जालन्याहून शिकवायला आल्त्या. मी अंगठा लावला की मोठ्या सर्व्हरशी माझ्या नावानं लाईन जुळती. मंग पडद्यामागं सहा कामं सुटतात. एक पावसाचे आकडे आणती, एक नंबर काढती, असं. वेगवेगळ्या लाईनी न्हाईत, सहाही माझ्याच लाईनीतून जा-ये करतात. सहावी शेतकऱ्याचं बोलणं ऐकून माझ्या आवाजात उत्तर देती. त्यासाठी माझी तीनशे वाक्यं भरून घेतली. मी मधीच एक शिवी घातली. म्याडम म्हणल्या, काकू, राहू द्या, आवाज खरा वाटंल.

संध्याकाळी काम परत आलं की पडद्यावर हिरवी टिकली लागती. सहा लागल्या की अंगठा लावून लाईन बंद. एखादी अडकली तर अर्धा तास बघायचं अन् तरी बंदच करायची. का, म्हणून विचारलं. म्याडम म्हणल्या, जी आत राहील ती तुमच्याच नावानं वागंल.

सहा जणींना मी जावा म्हणते. सहावी धाकटी, लई बोलकी. माझ्या कपाळाला न्हाई तर ह्यांना तरी टिकल्या.

६ डिसेंबर, शनिवार
पाच टिकल्या लागल्या. धाकटीची न्हाई. अर्धा तास झाला. खाली बाया विहारात मेणबत्त्या लावायला चला म्हणून हाका मारून राह्यल्या होत्या. अंगठा नेला, पण टेकवला न्हाई.

आमच्या घरी रीत हाये. बाहेर गेलेलं माणूस आल्याबिगर दाराला कडी लावायची न्हाई. आमचे मालक तातेराव जाफराबादला गेल्ते, रस्त्यात जीप उलटली. दवाखान्यातूनच परस्पर नेलं त्यांना, घरी आणलंच न्हाई. मी नऊ दिवस कडी लावली न्हाई.

लाईन उघडीच ठेवून आले. येईल तवा येईल बापडी.

९ डिसेंबर, मंगळवार
म्याडम दर मंगळवारी येतात, आज आल्या न्हाईत, कुणाचं तरी लग्न. फोनवर विचारलं, लाईन रोज बंद करता ना. म्हणलं, बराबर करते. चार दिवस झाले, धाकटी बाहेरच हाये.

दुपारी माईकसमोर चहा घेऊन बसते. खिडकीतून टेशनवर उतरलेली माणसं दिसतात, मला भेटायला त्यातलं कोणी येत न्हाई. मंग धाकटीला सांगत बसते. प्रीतीला काय आवडतं. तिच्या गुडघ्यावरची खूण कशाची. तातेरावांना मी कणगीत कसं कोंडलं होतं. ऐकून घेती. सख्ख्या जावांनी कधी ऐकलं न्हाई एवढं.

१३ डिसेंबर, शनिवार
प्रीतीला फोन केला. म्हणली, आई, रोज बाराला करती, आज दुसऱ्यांदा कसा.

मी तर आठ दिवसांनी केला.

वाटलं चेष्टा करती, शिकवली मीच. पण ती कणगीची गोष्ट आठवून हसून राह्यली होती. मी तिला ती कधी सांगितली न्हाई. बापाची इज्जत म्हणून.

१५ डिसेंबर, सोमवार
लाईन बंद करावी म्हणून अंगठा लावला. पडद्यावर आलं, बेबीनंदा आधीच आत हाये. तीनदा लावला. तेच.

माझ्याबिगर सगळं चाललं. वडीगोद्रीचे रखमाजी फोनवर म्हणले, बाई, परवा बैलाचं दुखणं तुम्ही अर्धा तास ऐकलं, असं कोणी ऐकत न्हाई. मी म्हणलं, मी न्हाई ती. ते म्हणले, आवाज का मला कळत न्हाई. अन् हसले.

१६ डिसेंबर, मंगळवार
म्याडमची वाट बघितली. शेवटी फोन लावला. म्हणल्या, काकू, सकाळी तुम्हीच म्हणल्या ना, सगळं ठीक हाये, येऊ नका. मी म्हणलं, लाईन उघडी राह्यली माझ्याकडून, या, पाया पडते. त्या म्हणल्या, पुरे आता मस्करी.

जलमभर मस्करी केली. आता कोण खरं मानंल.

१७ डिसेंबर, बुधवार
प्रीतीला सांगितलं, उद्या येऊ नको. ती म्हणली, आई दुसऱ्या फोनवर हाये माझी. तुम्ही कोण.

तुम्ही म्हणली मला.

आता उचलत न्हाई. आवाज तिचा झाला. अक्षर अजून माझं हाये, म्हणून लिहून—

१८ डिसेंबर, गुरुवार
सकाळी वायर उपटली. पडदा काळा. टिकल्या गेल्या. पाच.

त्या काळ्या पडद्यावरच सहावी लागली. हिरवी. बारा दिवसांनी—

आली.

दुपार. खिडकीतून प्रीती दिसली. पोट सांभाळत, फोन कानाला, हसत. हाक मारली. तिनं वर बघितलं, मंग फोनात काहीतरी विचारलं. माझ्या खोलीकडं वळली. मी कुलूप लावलं होतं. तरी दार उघडं होतं—

पळत खाली आले. दार लावलेलं. पायरीवर बसून लिहून राह्यले. चिठ्ठी आत सरकवीन, अक्षर तरी वळखंल लेक—

आतून प्रीती म्हणली, आई, दार कोण वाजवतंय. माझाच आवाज म्हणला, कोणी न्हाई गं, आपली सगळी आली घरात.

कडी लागली.

प्रीती, मी अजून बाहे—