मागच्या सीटवरचं वजन

आदरणीय भाऊजींना,

साष्टांग नमस्कार. हा नुसता लिहिण्यापुरता नाही बरं का. हल्ली मी खरोखरच जमिनीवर आडवा असतो, तुम्ही दिलेल्या गाडीच्या खाली. (फरक इतकाच, की उताणा. तरी नमस्कार पोचला असं धरा.) इकडे सगळे मजेत. माझ्या कपाळावर एक टेंगूळ आहे, त्याचा खुलासा पुढे येईलच. ताईचा पाय कसा आहे? आणि ताईचं पोट कसं आहे? पायाला प्लास्टरचा आधार आहे, पोटाला फक्त तुमच्या स्वयंपाकाचा, म्हणून दुसरी चौकशी जास्त काळजीने करतोय. ती फोनवर जेवणाचा विषयच काढत नाही. पहिल्यापासूनच सोशिक हो ती. ताईचा पाय मोडला हे आईने एक वेळ सोसलं असतं, पण पोरगी अंथरुणावर आणि चुलीपाशी जावई, हे ऐकल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नाही. आईला वर तुमच्याकडे पोचवायचं, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न आहे आणि तो गाडीच्या स्प्रिंगांवर येऊन अडला आहे. आता शांतपणे वाचा, आणि गॅसवर काही असेल तर आधी तो बंद करा.

तुमच्या टेकडीवरचा शेवटचा तुकडा म्हणजे रस्ता म्हणावा असं त्यात काही उरलेलं नाही. टॅक्सीवाले पायथ्याशीच हात जोडतात. तिथे आपली जुनी फोर-बाय-फोरच हवी, म्हणून ताई पडली त्याच आठवड्यात मी आईला मागच्या सीटवर बसवून निघालो होतो. (पुढे ती बसत नाही. पुढून रस्ता दिसतो, म्हणून.) ओघळीच्या वळणावर गाडीचं पोट दगडावर असं काही टेकलं की मागचं चाक नुसतं जागेवर फिरायला लागलं. कसाबसा मागे आलो आणि तुम्हाला फोन लावला. तेव्हा तुम्ही जे बोललात ते तुम्ही विसरला असाल, पण फोन स्पीकरवर होता. तुम्ही म्हणालात, गाडीचा काही दोष नाही, मागे वजन फार झालं असेल, मागच्या मंडळींनी जरा उतरून चालायला हवं होतं. भाऊजी, मागची मंडळी म्हणजे एकटी आई.  घरी येऊन तिने भरलेली पिशवी रिकामी केली आणि म्हणाली, आधी गाडीचं बघ, मग माझं बघू. तेव्हापासून मी गाडीचं बघतोय.

आमच्या इथे स्प्रिंगा विकणारा आणि बसवणारा एकच आहे. त्याला सगळे वकीलसाहेब म्हणतात, कारण माल दाखवण्याआधी तो उलटतपासणी घेतो. मी आपला साधा माणूस, जाऊन म्हटलं, गाडी चार बोटं उंच करणाऱ्या स्प्रिंगा द्या. झालं! गाडीत कायम किती ओझं असतं? कधीमधी नाही, कायम? मागे कोण बसतं? टपावर काय बांधता? दुसरं लग्न जमवताना विचारणार नाहीत इतके प्रश्न. त्याचं म्हणणं असं, की उंचीला सगळेच भुलतात, स्प्रिंग निवडायची ती वजनावर. हलक्या गाडीला कडक स्प्रिंग घातली तर ती उंटासारखी उंच होते आणि उशीसारखी बसायची सोडून दगडासारखी आपटते. जड गाडीला मऊ घातली तर महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. त्याच्याकडे मऊ, मधली आणि कडक अशा तीन जाती होत्या. मी दुकानात उभा राहून तिन्ही हाताने दाबून पाहिल्या. (एकही दबली नाही. तरी आपण दाबून पाहतोच.) मला मधली बरी वाटली, कारण मला दुकानात नेहमी मधलंच बरं वाटतं. त्यावर वकीलसाहेबांनी मला वजनकाट्यावर पिटाळलं.

वजनकाट्यावर गाडी रिकामी चढवली. मी खाली उतरलो, स्टेपनी आणि जॅक सोडून आत काहीही नाही. तरी काट्याने पुस्तकातल्या वजनापेक्षा एकशेदहा किलो जास्त दाखवलं. पुन्हा चढवली, पुन्हा तेच. मी चक्रावलो. वकीलसाहेबांनी मात्र मान डोलावली. म्हणाले, वय झालं की अंगावर चढतंच, चिखल, गंज, आधीच्या मालकाने मारलेले पत्रे, मोजत कुठे बसता! आधीचे मालक तुम्ही, तेव्हा मला पटलं. त्या हिशेबाने आम्ही मागे कडक स्प्रिंगा टाकल्या. गाडी काय सुरेख बसली म्हणून सांगू! चारही कोपरे सारखे, पोट दगडांपासून लांब. मी घरी येताना उगाचच दोन गल्ल्या जास्त फिरलो.

मग मला दुर्बुद्धी सुचली. आई बसणार म्हणून गाडी आतून साफ करायला घेतली. मागच्या सीटखालचं फडकं ओढलं तर निघेना. टॉर्च लावून पाहिलं तर खाली लाकडी पेटी, आणि पेटीत तुमच्या व्यायामाची लोखंडी चकत्यांची वजनं! दोन दिवसांत घेऊन जातो म्हणाला होतात, आठवतं का? मी पार विसरलो होतो, तुम्ही तर विकत आणल्या दिवशीच विसरला असाल. (ती वजनं तुम्ही आयुष्यात एकदाच उचललीत, गाडीत ठेवताना.) काट्यावर नेऊन मोजली. बरोबर एकशेदहा. पेटी बाहेर काढली तशी गाडीने मागचा भाग जो वर उचलला, तो आजतागायत तोऱ्यात आहे, आणि नाक खाली, काहीतरी हरवलेलं शोधत असल्यासारखं. तशीच एक चक्कर मारली. पहिल्याच खड्ड्याला माझं डोकं छताला लागलं. टेंगळाचा खुलासा संपला. बसवलेला माल वकीलसाहेब परत घेत नाहीत, तेव्हा आता पेटी हीच गाडीचा अवयव आहे.

तरी एक घोळ राहिलाच. गाडी उंच झाल्यावर आईला चढता येईना. मी म्हटलं, पेटीची पायरी करू. पेटी खाली ठेवली तर मागची बाजू आणखी वर गेली आणि पायरी अपुरी पडली. पेटी आत ठेवली तर गाडी खाली आली, पण पायरी गेली. एक एक चकती आत-बाहेर करत मी घामाघूम झालो. आई अंगणात खुर्ची टाकून बघत होती. तिने विचारलं, एवढं काय आहे रे त्या पेटीत? मी म्हटलं, हत्यारं. तुमची अब्रू राखली, लक्षात ठेवा. शेवटी आमची ही बाहेर आली, स्वयंपाकघरातलं स्टूल दारापाशी ठेवलं आणि एक शब्द न बोलता आत गेली. (तिचं न बोलणं तुम्ही ऐकायला हवं होतं.)

तर गाडी तयार आहे. ताईला म्हणावं, धीर धर. तुमचीही तब्येत सांभाळा, म्हणजे बाहेरून मागवून खा.

आपला,
गाडीखालचा मेहुणा

ता. क. – वजनं परत मागू नका. ती गेली की गाडी मान टाकते.

ता. क. दुसरा – खरं सांगायचं ते हेच, वरचं सगळं नाही वाचलंत तरी चालेल. गाडी तयार होऊन आठवडा झाला. आई निघत नाही. आज गुडघा, उद्या ढग. अडलंय कुठे ते तुमच्या लक्षात आलं असेलच. आईचं वजन अठ्ठेचाळीस किलो आहे. त्या दिवशी मागे जे जास्त होतं ते तुमचं होतं, भाऊजी. तिला एक फोन करा. माफीबिफी नको, स्प्रिंगांबद्दल तर अजिबात नको. नुसतं ‘या’ म्हणा. जावयाच्या तोंडून तेवढं ऐकलं की ती उडी मारून गाडीत बसेल, स्टूलही लागणार नाही.

ता. क. तिसरा – घात झाला. पाकीट शोधायला उठलो तेवढ्यात आईने हे पत्र वाचलं.  मग विचारलं, “त्याचं एकशेदहा? आणि माझं अठ्ठेचाळीस?” मी हो म्हटलं. मग जी हसत सुटली ती चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. म्हटलं, पत्र पोचलं की फोन येईलच. तर म्हणाली, “फोन कशाला? फोनवर दोन शब्द बोलून सुटेल तो. आणि तोवर माझी पोर काय खाईल?” पिशवी भरून, स्टूल मांडीवर घेऊन ती मागच्या सीटवर बसली आहे आणि पुढे हात लांबवून हॉर्न वाजवते आहे. तेव्हा हे पत्र टपालाने येत नाही, तीच तुमच्या हातात देते आहे. वाचून झालं की मान वर करा. समोरच उभी आहे. म्हणा आता.