एकाहत्तर फूट

११ जानेवारी, रविवार

आज व्हर्नाबाई, माझ्या जुन्या जिम्नॅस्टिक्सच्या कोच, आमच्या घरी आल्या! बाहेर उणे एकतीस. गाडी सुरूच ठेवलेली, आणि दारात बाई — तोच क्लबचा लाल कोट, तोच लिंबू चोखल्यासारखा चेहरा. आईनं कॉफी विचारली. म्हणाल्या, "नको. डार्सीशी दोन मिनिटं बोलायचंय."

मला वाटलं, बर्फाच्या मशीनबद्दल असणार. सध्या अख्खं गाव त्यावरच बोलतंय. डिसेंबरात मी आणि वर्गातल्या कोडीनं स्केटिंग रिंकचं बर्फ घासायचं मशीन रस्त्यावर काढलं आणि डोनटवाल्याच्या खिडकीपर्यंत नेलं. ताशी चौदा किलोमीटर! दोन कॉफी मागितल्या. खिडकीतली बाई देत होती, तेवढ्यात पोलीस आले. शाळेनं तीन दिवस घरी बसवलं. रिंकच्या कँटीनमधली नोकरी कायमची गेली.

पण ते नव्हतं. "परत ये," व्हर्नाबाई म्हणाल्या. "एप्रिलमध्ये प्रांताची स्पर्धा आहे."

"दोन वर्षांनी आठवण झाली?"

"झाली."

बस्स, एवढंच. माझ्याकडे बघत पण नव्हत्या. स्वतःच्या बुटांकडे बघत होत्या.

मी नाही म्हटलं. दोनदा.

१२ जानेवारी

नाही म्हणजे नाही.

१४ जानेवारी

गेले होते. कपाटात पडलेला क्लबचा लिओटार्ड, तो सरावाचा पोशाख, परत करायला, एवढंच!

बरं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते निदान या वहीपासून तरी नको. लिओटार्ड पोस्टानंही पाठवता आला असता. आत शिरले आणि खडूच्या भुकटीचा वास आला. बूट काढले. हातांवर उभी राहिले. आठ सेकंदांत धाडकन खाली.

कोपऱ्यातून एक चिमुरडी बघत होती. पायपर नाव. दहा वर्षांची, समोरचे दोन दात नाहीत.

"तूच ती ना? मशीनवाली?"

"हो."

"आणि म्हातारी झाल्यावर परत आलीस?"

"मी पंधरा वर्षांची आहे."

"तेच म्हणतेय मी."

बाई लांबून नुसत्या बघत होत्या. पूर्वी मी आठ सेकंदांत पडले असते तर छप्पर उडालं असतं.

२० जानेवारी

सगळं अंग दुखतंय. पापण्यासुद्धा.

२५ जानेवारी

आज आई खुशीत. दर घराला वर्षातून एक शनिवार चर्चच्या तळघरात क्लबच्या खर्चासाठी पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वळायला जावं लागतं. दोन वर्षं आईला कुणी बोलावलं नव्हतं. काल बोलावलं. ही बया सकाळी सातला एप्रन घेऊन तयार!

तिथं क्लबचं सगळं बघणाऱ्या मिसेस डायकनं पिठाचा गोळा दाबता दाबता विचारलं, "मुलीचे केस वाढतील ना गं स्पर्धेपर्यंत?"

आई म्हणाली, "वाढतील की. तुमची जीभ वाढली तसे."

मग म्हणे अर्धा तास नुसता बटाटा कुस्करल्याचा आवाज. हे सांगताना आईचे कान लाल झाले होते. मी तिला मिठी मारली नाही. पण मारावीशी वाटली.

३ फेब्रुवारी

एक गोष्ट एकदाच लिहून टाकते. ही वही कुणी वाचत नाही.

गावाला माहीत असलेली गोष्ट अशी: डार्सी माजली. तेरा वर्षांची असताना रेजायना शहरातल्या स्पर्धेत पंचांकडे पाठ करून चालती झाली. मग केस भादरले, नाकात कडी घातली, वाया गेली.

खरी गोष्ट: मी घाबरले.

व्हॉल्ट होता. धावत जायचं, स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय मारायचे, टेबलावर हात टेकून हवेत. हजार वेळा केलेलं. कुठून धावायचं ते प्रत्येकीचं ठरलेलं असतं — टेबलापासून अमुक फूट. माझे एकाहत्तर. खूण बाई करतात. मोजायच्या टेपला मुलींनी हात लावायचा नाही, हा क्लबचा नियम! तर मी धावले, आणि बोर्ड आधीच आला. पाऊल बसेना, पाय एकमेकांत अडकले, मी बाजूनं पळून गेले. परत येऊन बाईंना म्हटलं, "बाई, अंतर चुकतंय."

सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या, "अंतर नाही, डोकं चुकतंय. नाचता येईना, अंगण वाकडं! धाव."

मुली हसल्या. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा मी अर्ध्यात थांबले. पायच निघेनात. तीनदा हुकलं की शून्य. पंचांना हात वर करून, हसून सलाम करायचा असतो. मी केला नाही. बसमध्ये जाऊन बसले.

तेव्हापासून मला माहीत आहे की माझ्या डोक्यात काहीतरी तुटलंय. केस कापले की लोक केसांकडे बघतात, डोक्यात कुणी बघत नाही. कडी, मशीन, सगळं त्यासाठीच. भित्रीपेक्षा वाया गेलेली बरी.

आता मला एवढंच बघायचंय, ते तुटलेलं जोडता येतं का. पदकबिदक गेलं खड्ड्यात.

२१ फेब्रुवारी

बीम ठीक. बार ठीक. जमिनीवरचं बरं, फक्त मला हसायला सांगतात. हसले. पायपर म्हणाली, "दाढ दुखतेय का?"

व्हॉल्ट अजून नाही. बाईही विषय काढत नाहीत.

८ मार्च

आज व्हॉल्ट.

धावले. बोर्ड दिसला. बाजूनं पळाले. तेच! अगदी तेच!

मी वाट बघत उभी राहिले — आता ऐकवतील, अंगण वाकडं. ओरडल्या नाहीत. डब्यातून टेप काढली, गुडघ्यांवर बसल्या (गुडघे कुरकुरले, सगळ्यांना ऐकू आलं) आणि मोजायला लागल्या. म्हणाल्या, "तू उंच झालीयस. तुझी पावलं लांब झालीत. त्र्याहत्तर करून बघू." नाही जमलं. "चौऱ्याहत्तर." मग परत मोजलं. फुटात मोजलं, मीटरात मोजलं, पुन्हा फुटात. सोनाराकडे सोनंही कुणी इतक्यांदा तोलत नाही.

आधीच आमच्या देशाला काही एक धड ठरवता येत नाही. उंची फुटात, रस्ते किलोमीटरमध्ये, थंडी सेल्सिअसमध्ये, ओव्हन फॅरनहाइटमध्ये. क्लबमध्ये फूट, स्पर्धेला गेलं की मीटर. त्यात बाईंना म्हातारचळ!

पण चौऱ्याहत्तरवरून पाय बोर्डवर पडले. दोन्ही. टेबलावरून गेले आणि गादीत तोंडावर पडले. नाकाची कडी घुसली. रक्त आलं.

मी गादीतच पडून हसत होते. वर बघितलं तर बाई पाठ करून उभ्या.

९ मार्च

बाईंनी कडी काढायला सांगितलं. काढली. फक्त सरावापुरती!

२९ मार्च

वीसपैकी सतरा वेळा गेले. तीनदा पळाले. प्रत्येक वेळी बाईंनी टेप काढली. मी म्हटलं, "बाई, अंतर बरोबर आहे. माझंच डोकं चुकलं."

त्यांनी टेप गुंडाळली. "असं म्हणायचं नाही," म्हणाल्या. इतक्या हळू, की मला आधी वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणाल्या.

काय झालंय या बाईला? आजारी आहे का? मला त्यांची काळजी वाटली. मला! व्हर्नाबाईंची! हे कुणाला कळलं तर मी गाव सोडून जाईन.

१० एप्रिल

रेजायना. तेच मोटेल, तेच क्लोरिनचा वास मारणारं पाणी. झोप येत नाही. उद्या परत शून्य आलं तर? तर पुन्हा मशीन काढून डोनट आणायला जावं लागेल, दुसरं काय.

११ एप्रिल, शनिवार

आधी वेण्या. सगळ्यांना दोन-दोन वेण्या आणि वर चमकीचा फवारा, हा क्लबचा धर्म आहे. मोटेलच्या कॉरिडॉरमध्ये मिसेस डायक मुलींना रांगेनं बसवून वेण्या घालते. माझी पाळी आली. माझे केस बोटभर. तिनं कंगवा हातात धरला, माझ्या डोक्याकडे बघितलं, कंगव्याकडे बघितलं.

पायपर म्हणाली, "नुसती चमकी मारा ना!"

मारली. अख्खी बाटली. मी नाताळच्या झाडासारखी दिसत होते. आई हसून हसून भिंतीला टेकली.

मग व्हॉल्ट. तोच हॉल, तीच निळी पट्टी. आणि बाईंनी काय करावं? टेपचा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला.

"तू मोज."

"मुलींनी हात लावायचा नाही ना?"

"तू मोज, डार्सी."

चौऱ्याहत्तर फूट म्हणजे बावीस पूर्णांक छप्पन्न मीटर. मी हिशेब केला, मग बाईंनी केला, मग मला पुन्हा करायला लावला. मी खडूनं रेघ मारली. पहिल्यांदाच, माझ्या हातानं. बाई त्या रेघेकडे बघत होत्या. ओठ हलत होते. प्रार्थनाबिर्थना करत होत्या की काय!

सलाम केला. हसले (दाढदुखीसारखी). धावले.

बोर्ड जिथं असायला हवा तिथंच होता.

हवेत असताना मला काहीच ऐकू आलं नाही. मग पाय गादीवर. एक मोठं पाऊल मागं, एक पुढं, हात भलतीकडे, पण उभी! आठ पूर्णांक पस्तीस गुण. पंधरावा नंबर. पंधरावा! आई अशी ओरडली की कुणाला वाटावं ऑलिंपिक आहे. मी पंचांना परत सलाम केला. दोन वर्षांपूर्वीचा राहिला होता, तोही धरून.

मला रडू आलं. लिहून टाकते, आलं रडू.

टेप परत द्यायला गेले तर बाईंनी घेतली नाही. "तुझ्याकडे राहू दे. घरी गेल्यावर डबा साफ कर, आत खडू साठलाय." आणि बसमध्ये सगळ्यात पुढं जाऊन बसल्या. चार तास मागं वळून बघितलं नाही. अभिनंदन नाही, काही नाही. जित्याची खोड!

१२ एप्रिल, रविवार

डबा साफ केला. तळाशी घडी घातलेला कागद. दोन वर्षांपूर्वीच्या स्पर्धेची यादी, बाईंच्या अक्षरात. नाव, फूट, मीटर.

डार्सी. ७१. २०.६४.

मोबाइलवर तीनदा केलं. एकाहत्तर फूट म्हणजे २१.६४ होतात. एक अख्खा मीटर कमी!

आकड्याभोवती बाईंच्या लाल पेनाचा गोल. शेजारी तारीख, त्याच दिवसाची. संध्याकाळी सव्वासात. तेव्हा आम्ही अजून बसमध्ये होतो. मी मागच्या सीटवर, त्या पुढच्या.

अंगण वाकडं होतं.

उद्या साडेपाचला सराव. मी जाणार. कागद घेऊन. आधी तुम्ही सगळ्या मुलींसमोर मोठ्यानं वाचायचं, बाई. मग मी धावेन.