रांगेच्या शेवटून

प्रिय ताई,

अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. उजव्याचं प्लास्टर अजून निघायचंय. तुझा डबा रोज पोचतो आणि त्यासोबत रोज तोच निरोप, की तू माझ्या लेकाला वाचवलंस, तुझे उपकार कसे फेडू. तो ऐकला की मी डबा तसाच झाकून ठेवतो. त्या रविवारचं तू लेकाकडून ऐकलंस, वकिलाकडून ऐकलंस. मला मात्र काही विचारलं नाहीस.

सायकलच्या शर्यती सोडल्यापासून माझे काय उद्योग चालतात ते तुला ठाऊक आहे. घोड्याएवढ्या झालेल्या माणसांना सायकल शिकवतोय म्हणून तूच हसायचीस. शाळेचं मैदान, शिकवणी फुकट. आधी पेडल काढून टाकायची, सीट खाली घ्यायची. दोन्ही पाय जमिनीला टेकले की निम्मी भीती तिथेच जाते. शिंपीणबाई अशाच शिकल्या. पन्नाशी उलटलेली, मशीन चालवून घोटे सुजलेले. पडल्या की स्वतःलाच चार शिव्या हासडायच्या आणि पुन्हा बसायच्या. कडेला उभे राहून शिंपीदादा ओरडायचे, "अगं चाकाकडे काय बघतेस, पुढे बघ!" त्या रविवारी बाई पहिल्यांदाच आमच्याबरोबर रस्त्यावर आल्या. बँकेतून निवृत्त झालेले काका सगळ्यांत पुढे, मग नर्सबाई, मग शिंपी नवरा-बायको. मी नेहमीसारखा शेवटी, गळ्यात शिट्टी अडकवून.

मागून पांढरी गाडी आली, हॉर्न दाबून धरलेला. रस्ता अरुंद होता, मी हाताने जरा दम धरायची खूण केली. ती आम्हाला घासून गेली. काकांनी डिकीवर एक थाप मारली. एरवी खुर्चीत बसतानाही 'बसू का' विचारणारा माणूस. एवढंच झालं, ताई. गाडी चौकापर्यंत गेली, वळली आणि आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं, आता उतरून भांडेल. मी शिट्टी वाजवून सगळ्यांना कडेला घेतलं. तेवढ्यात इंजिनचा आवाज चढला आणि ती सरळ आमच्यावर आली.

काका सायकलसकट उडून गटारात पडले. गाडीच्या आरशाने नर्सबाईंचा खांदा निखळला. शिंपीणबाई पुढच्या चाकाखाली सापडल्या आणि गाडी भिंतीवर आदळेपर्यंत तशाच फरपटत गेल्या. त्यांचा पाय सायकलच्या तारांमध्ये असा पिळला होता की हाड कुठलं, तार कुठली ते कळेना. ओरडल्या नाहीत. दादांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. तोंडातून रक्ताचा एक बुडबुडा आला, फुटला, आणि मग काहीच आलं नाही.

नंतर जे झालं ते वकिलाने तुला सांगितलेलं नाही. नर्सबाईंनी धड हाताने दार उघडलं आणि चालवणाऱ्याला केसाला धरून बाहेर ओढलं. काका गटारातून वर आले ते हवा भरायचा पंप हातात घेऊनच. तोंडावर, नाकावर, पुन्हा तोंडावर. दादांनी बायकोचं डोकं अलगद खाली ठेवलं, सायकलच्या कुलपाची साखळी सोडली आणि ते आले. जबडा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तेव्हा मी त्याला वाचवायला मध्ये पडलो नव्हतो, ताई. मीही त्यांच्यात होतो. बुटाच्या टाचेने मी त्याच्या बरगड्यांत लाथ घातली, एक नाही, दोन. तिसरीला पाय उचलला तेव्हा त्या रक्ताच्या चिखलातून "मामा" असं ऐकू आलं.

तुझा लेक. गाडी नवी, चेहरा ओळखू येत नव्हता. मग मी त्याच्या अंगावर पडलो. साखळी माझ्या मनगटावर बसली ती तेव्हा. दादा रडत रडत मारत होते, "बाजूला व्हा सर, बाजूला व्हा!"

परवा भेटायला गेलो तर तो बांधलेल्या जबड्यातून म्हणाला, "मामा, तुझ्या हेल्मेटमुळे ओळखलं नाही. तू आहेस हे कळलं असतं तर मी थांबलो असतो." त्याला वाटलं, मला बरं वाटेल. म्हणजे बाकीचे कोणी नव्हते. मी रागावणार होतो, पण कोणत्या तोंडाने? तो आपला निघाला म्हणूनच मीही थांबलो होतो. दुसऱ्या कुणाचा पोरगा असता तर मी थांबलो नसतो.

आता तुझा वकील म्हणतो, गाडी घसरली एवढंच सांगा, आम्ही मारहाणीचं नाव काढत नाही. माझी माणसंही म्हणतात, त्याला लागलं ते भिंतीवर आदळून, सर, तुम्ही गप्प राहा. दोन्हीकडची सोय झाली. फक्त शिंपीणबाईंचं काय ते कुणी बोलत नाही. म्हणून हे पत्र. सोमवारी मी साक्ष देणार आहे. गाडी वळवून, थांबून, जाणूनबुजून घातली हे सांगणार. दादांची साखळी, काकांचा पंप, नर्सबाईंनी ओढलेले केस सांगणार, आणि माझ्या दोन लाथाही. मैदानावर यापुढे कुणी येईल असं वाटत नाही. तू पुढच्या बाकावर बसणार, मला माहीत आहे. तिथे पहिल्यांदा ऐकून कोसळू नयेस म्हणून आधीच कळवतोय. लेकाला हे वाचून दाखव. कोर्टातून मला जाऊ दिलं तर सरळ तुझ्याकडे येईन. दार उघड म्हणत नाही. पायरीवर बसेन.

अजूनही तुझाच,
धाकटा