तुला बरं व्हायचं होतं

आई, तुला जाऊन सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत मनातल्या मनात मी तुझ्याशी पुष्कळ बोलले. सुकटीत कोकम किती घालू इथपासून नवऱ्याशी धड बोलणं होत नाही इथपर्यंत सगळं. पण त्या एका जानेवारीबद्दल कधी बोलले नाही. आज बोलते.

मी सव्वीस वर्षांची होते. पहिली तारीख, त्यामुळे बाबा चाळीतल्या मंडळींबरोबर पहाटेच भीमा कोरेगावला गेले होते. परळच्या आपल्या खोलीत आपण दोघीच. तू तांदूळ निवडत होतीस, म्हणजे सूप मांडीवर होतं आणि हात सुपात होता. निवडणं काही चाललं नव्हतं. मी आरशासमोर केस विंचरत होते. तू म्हणालीस, "बाय, या वर्षी मला बरं व्हायचंय."

मी हसलेच. "तुला काय झालंय?"

तू सांगायला लागलीस. म्युनिसिपालटीच्या शाळेत तू शिपाई होतीस, घंटा द्यायचं काम तुझं. नाताळच्या सुट्टीआधी एक दिवस मधल्या सुट्टीची घंटा झालीच नाही. "विसरले नव्हते गं. घड्याळात वेळ दिसत होती. हातोडी हातात होती. हातच उचलेना. मोठ्या बाई येऊन सगळ्यांसमोर ओरडल्या, तेव्हा कुठे उचलला." मग तू आवाज बारीक केलास, घरात कोणी नसतानाही. "सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले. जेवण मातीसारखं लागतं. रडायला पण येत नाही."

तू सगळी तयारी करून बसली होतीस. शाळेत मुलांना तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तू एकटं गाठून विचारलं होतंस. त्या म्हणाल्या होत्या, हा आजार असतो, याला औषध असतं, मोठ्या इस्पितळात दाखवा. तू तिथे जाऊन कुठला मजला, कुठला वार याची चौकशीही करून आली होतीस. सातवी शिकलेली माझी आई हे सगळं एकटीने करून आली होती, आणि माझ्याकडे तिने एवढंच मागितलं, "तू फक्त बरोबर चल. एकटीने त्या दारातून आत जायला धीर होत नाही."

मी म्हटलं, "वेड्यांच्या डॉक्टरकडे?"

हेच शब्द, आई. माझं लग्न ठरत आलं होतं. मुलाचे काका दोन चाळी सोडून राहायचे. त्या इस्पितळाच्या रांगेत आपल्याकडचं कोणी ना कोणी रोज उभं असायचं. कोणी बघितलं असतं तर? मी तुला म्हटलं, लग्न होऊ दे, मग बघू. आणि वर शहाणपण शिकवलं, "विहारात ध्यानाला बस ना. बुद्धांनी मनाचंच तर सांगितलंय." तू म्हणालीस, "बसते की. डोळे मिटले की जास्तच अंधारून येतं." ते मी ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवून वेणी घालत राहिले.

पण मला स्वतःला चांगली मुलगीही म्हणवून घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना दादरला उतरून तुझ्यासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. नवीन वर्ष आहे, रोज सकाळी शिवाजी पार्कला चालायला जाऊ, मोकळ्या हवेत मन ताजं होतं, असं मी कुठल्याशा मासिकात वाचलेलं तुला ऐकवलं. तू बूट हातात घेऊन उलटेसुलटे बघितलेस. "पीटीच्या पोरीसारखी दिसेन," म्हणालीस. तरी घातलेस. साडी घोट्याच्या वर खोचून तू माझ्या मागून चालतेयस, हे मला अजून दिसतं. मी पुढे, तू चार पावलं मागे. आजूबाजूला टोपी-मफलर घातलेले निवृत्त साहेब, कुत्री घेऊन आलेल्या बाया, नेटमध्ये चाललेलं क्रिकेट. दुसऱ्या फेरीला तू कट्ट्यावर बसलीस. मी परत येऊन म्हटलं, "आई, नाटकं करू नकोस. ऐंशी वर्षांचे म्हातारे चालतायत." तू गुडघ्यावर हात ठेवून उठलीस आणि फेरी पुरी केलीस. घरी येताना बसमध्ये मी विचारलं, "बरं वाटतंय ना आता?"

"वाटतंय की."

मोठ्या बाईंना "हो बाई" म्हणताना तुझा जो चेहरा व्हायचा, तोच होता. तो मला लहानपणापासून माहीत होता.

फेब्रुवारीत लग्नाची खरेदी निघाली आणि आपलं चालणं बंद पडलं. मे महिन्यात लग्न झालं. 'मग बघू' म्हटलेलं ते कधी बघितलं नाही. तू दुसऱ्यांदा मागितलं असतंस तर कदाचित मी आले असते, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पण तू मागणारी बाई नव्हतीसच. एकदा मागितलंस, तेच तुझ्यासाठी डोंगराएवढं होतं.

त्यानंतर तू नऊ वर्षं जगलीस. जगलीस म्हणजे शाळेत गेलीस, घंटा दिलीस, भात रांधलास. लग्नकार्यांना जाणं सोडलंस. बोलणं इतकं कमी केलंस की बाबा रेडिओ लावून जेवायचे. माझी मुलगी झाली तेव्हा बारशाला तुझ्या मांडीवर दिली, तर दोन मिनिटांत परत केलीस. मला वाटलं, हात दुखत असतील. तू हळूच म्हणालीस, "माझ्याकडे नको जास्त. माझं काही लागायला नको तिला." निवृत्त झाल्यावर चार महिन्यांनी झटका आला आणि तू गेलीस. मातीला आलेले लोक म्हणाले, फार शांत बाई. मीही मान हलवली.

तुझं ते तिला नाही, मला लागलं. गेल्या दिवाळीपासून. जानेवारीत आमच्या ऑफिसात सगळ्यांनी निरोगी वर्षाचा संकल्प केला. मोबाइलवर पावलं मोजायची आणि ग्रुपवर आकडा टाकायचा. मीही टाकत होते. रोज दहा हजार पावलं चालत होते आणि समोरची फाइल मात्र वाचता येत नव्हती. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात पुसून जायची. एका रविवारी माझी मुलगी, तेवीस वर्षांची आहे ती आता, समोर येऊन उभी राहिली. "मम्मी, तू अर्धा तास गॅसकडे बघतेयस. गॅस बंद आहे." मग म्हणाली, "शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय. मी येतेय बरोबर."

"कोणी बघितलं तर? तुझं लग्न व्हायचंय अजून."

"माझ्या लग्नाचा काय संबंध? दाताच्या डॉक्टरकडे जाताना विचारतेस का असलं?"

तिला काहीच माहीत नव्हतं, आई. तिने सहज म्हटलं आणि शनिवारी सरळ चपला घातल्या. मला मात्र जिना उतरताना कठडा धरावा लागला.

डॉक्टर तरुण होता. घरात आधी कोणाला असा त्रास होता का, असं त्याने विचारलं. मी सगळं सांगितलं, घंटेचं, बुटांचं, कट्ट्यावरून उठवल्याचं. माझी मुलगी पहिल्यांदाच ऐकत होती. त्याने विचारलं, "त्यांना औषधं मिळाली होती?" मी म्हटलं, "नाही." त्याने लिहून घेतलं. टॅक्सीत मुलीने माझा हात धरला, पण ती खिडकीबाहेर बघत होती, आणि ते बरोबरच होतं.

रोज एक गोळी. महिना-दीड महिना लागेल, धीर धरा, असं डॉक्टर म्हणाला होता. परवा सकाळी मला भूक लागली. साधी भूक. कांदेपोह्यांचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. काल शेजारीण काहीतरी बोलली आणि मी मोठ्याने हसले. मुलगी बाहेरच्या खोलीतून धावत आली बघायला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. आता एकच राहिलंय, ते मुलीला सांगितलेलं नाही, डॉक्टरलाही नाही. गोळी घेताना रोज मनात यायचं की ही लागू पडू नये. माझ्यावर चालली नाही, तर तुझ्यावरही चालली नसती, असं म्हणता आलं असतं. चालली, आई. पाचव्या आठवड्यात.