उष्टा हात

बुधवार, २ एप्रिल २०२५. सकाळी १० वाजून ४० मिनिटे.

सात रस्त्याजवळच्या रसवंतीत बसून उसाचा रस पीत आहे. ग्लास आधी विसळून घेतला, मग रुमालाने पुसला, मग पुन्हा विसळायला लावला. रसवंतीवाला म्हणाला, पावणं, रस प्यायचाय का ग्लासच घरी न्यायचाय. मला राग आला नाही. आज कशाचाच येणार नाही, कारण नोकरी लागली आहे.

नातेपुत्याहून सकाळच्या एसटीने आलो. चन्नवीर अण्णांची केबल-इंटरनेटची कंपनी आहे, टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला. पार मोहोळपर्यंत त्यांच्या जोडण्या. माझं काम एकच, सर्व्हर सांभाळायचा. लोक मोबाइलवर साइटचं नाव टाकतात आणि सर्व्हर त्या नावाचा आकड्यांतला पत्ता शोधून देतो. त्याला डीएनएस म्हणतात. तो बिघडला तर घरात तार असूनही इंटरनेट नाही. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला, पण लिनक्स घरी बसून शिकलो, असं अण्णांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, कागदाला काय जाळायचंय, काम करून दाखीव की.

अनामत पंधरा हजार. ती दुर्गाआत्याने दिली, शिवणकामाच्या पैशांतून. महिनाअखेरपर्यंत काम जमलं तर नोकरी कायम, नाही तर अनामत बुडाली. आत्या एवढंच म्हणाली की ऋतुराज, हे तरी अर्ध्यात सोडू नको. सोडणार नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

सर्व्हरची खोली पाहिली. लहान आहे, खिडकी नाही. एसी चालू होता तरी दार उघडताच नासक्या दुधाचा आंबट वास नाकात शिरला.

सर्व्हर जाळीच्या दाराच्या लोखंडी कपाटात आहे. त्याच्या खालच्या रिकाम्या कप्प्यात स्टीलची ताटली होती आणि तीत दहीभात. वर पिवळट साय धरलेली, कडेने बुरशीचे पांढरे केस. आश्चर्य म्हणजे मुंगी नाही, झुरळ नाही. त्यांनीसुद्धा तोंड लावलेलं नाही.

कीबोर्ड त्याहून घाण. बटणांवर चिकट थर, फटींत वाळलेली शितं. एक शीत टाचणीने उकरून काढलं तर ते आतून ओलं निघालं, आत्ताच कुणाच्या तोंडातून पडल्यासारखं. मी मोरीत जाऊन ओकलो.

ताटलीतलं गटारात टाकलं, ताटली घासून बाहेर ठेवली. गुडघ्यांवर बसून कप्पा आणि कपाटाखालची फरशी फिनेलने पुसली. कीबोर्ड कचऱ्यात टाकला आणि पदरच्या पैशाने नवा आणला. वायरींवर सुवाच्य अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या. बिलाच्या काउंटरवर अंकिता नावाची मुलगी असते. ती म्हणाली, अमावास्येचा नैवेद्य होता तो, सगळ्या बाजारात ठेवतात, तुम्ही डायरेक्ट गटारात घातला होय, फिनेलवाले इंजिनिअर. हसली. पण कपाटाकडे बघताना हसत नव्हती.

शुक्रवार, ४ एप्रिल

नव्या गिऱ्हाइकांची नावं यादीत घातली. आता सर्व्हरला हुकूम द्यायचा की यादी पुन्हा वाच. त्यासाठी आरएनडीसी नावाची आज्ञा असते. सर्व्हरला हुकमांसाठी एक वेगळं दार असतं, पोर्ट ९५३. आज्ञा तिथे जाते, गुप्त किल्ली दाखवते, मग सर्व्हर ऐकतो. मी आज्ञा दिली. उत्तर आलं, कनेक्शन रिफ्यूज्ड. दार उघडलंच नाही.

दुपारी एक म्हातारी ताटली न्यायला आली. निंगव्वा. माझ्याआधी हे काम करणाऱ्या शिवयोगीची आई. घासलेली ताटली तिने उलटसुलट करून पाहिली. मग मला कानडीत विचारलं, ऊटा आतेनु, तम्मा. जेवण झालं का बाळा, असा अर्थ आहे म्हणे. मी हो म्हटलं. तिने माझा उजवा हात धरून नाकाशी नेला, हुंगला, आणि तोंड वाकडं करून म्हणाली, साबण.

मंगळवार, ८ एप्रिल

पद्धतशीर तपासणी केली.

सर्व्हरचा प्रोग्राम चालू आहे का? आहे. नावांचे पत्ते नीट देतो. ९५३ वर कोणी ऐकत आहे का? कोणीच नाही. किल्लीची फाइल जागेवर नव्हती. नवी किल्ली तयार केली. फाइलची मालकी रूटकडे, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याकडे, गेली होती, म्हणून सर्व्हरला ती वाचता येईना. मालकी बदलली. सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं, तेवढ्यात मोहोळपर्यंतचं इंटरनेट थांबलं आणि अण्णांचा फोन वाजतच राहिला. ते म्हणाले, लेका, मॅच चालू हाय, लोकं मला घरात येऊन मारतील, परत बंद केलास तर तूबी बंद.

आता ९५३ वर कोणीतरी ऐकतं आहे. पण हुकूम दिला की दार उघडून लगेच मिटतं. सर्व्हर कारणं तीन दाखवतो. किल्ली चुकीची असेल, दोन्हीकडची घड्याळं जुळत नसतील, किंवा तुम्हाला परवानगी नाही.

किल्ली अक्षर-अक्षर ताडून पाहिली. बरोबर आहे.

नव्या कीबोर्डची बटणं चिकट लागतात.

गुरुवार, १० एप्रिल

घड्याळच चुकलेलं आहे. सर्व्हरवर १३ एप्रिल २०२४, दुपारी १ वाजून १० मिनिटे, असं दिसतं. बरोबर केलं. पाणी पिऊन आलो तर पुन्हा तेच. मिनिटाचा आकडा पुढे सरकतच नाही.

अंकिताला ती तारीख सांगितली. तिने डबा मिटून ठेवला आणि सगळं सांगितलं. शिवयोगीला जेवता जेवता काम करायची खोड. एका हाताने दहीभात खायचा, त्याच हाताने बटणं दाबायचा. अण्णा चिडवायचे, आरं, मशिनीला बी दोन घास चार की. त्या शनिवारी निंगव्वा लेकीकडे अक्कलकोटला गेली होती. कपाटामागच्या प्लगची पिन सैल होती. उष्ट्या, ओल्या हाताने तो ती दाबायला गेला. शॉक बसला, लाइन ट्रिप झाली, एसी बंद पडला; इंटरनेट मात्र चालूच राहिलं, म्हणून कोणी बघायला आलं नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी. सोमवारी दार उघडलं तेव्हा कपाटामागे तो होता आणि एप्रिलचं ऊन दोन दिवस भिंतींतून आत येत होतं. अंकिता म्हणाली, फरशी धुतली, पण ते कपाटाखालीही गेलं होतं, कपाट कोणी हलवलं नाही.

म्हणजे ३ तारखेला मी गुडघ्यांवर बसून जे पुसलं—

पुढे लिहवत नाही. दोनदा आंघोळ केली.

मंगळवार, १५ एप्रिल

अण्णांना म्हटलं, सर्व्हर बदला. ते म्हणाले, दीड लाख तुझी आत्या देणार हाय का. मग हळू आवाजात म्हणाले की ताटली होती तवर सगळं ऐकत होतं ते, तुला कुणी सांगितलं होतं स्वच्छतेचं. अमावास्येपर्यंत मुदत. २७ तारीख.

रोज सकाळी कीबोर्ड पुसतो. रोज सकाळी त्यावर पातळ, कोमट, तारेसारखा ओढला जाणारा थर असतो. आज रबरी हातमोजे घालून काम केलं. मोजे काढले तर आतून बोटं ओली आणि आंबट. साबणाने गेलं नाही. राखेने गेलं नाही. पोळीचा घास तोंडाशी नेला की तोच वास येतो. खानावळीचा डबा दोन दिवस तसाच परत जातो आहे.

शनिवार, १९ एप्रिल

करू नये ते केलं. सर्व्हरला एका नावाचा पत्ता विचारला. शिवयोगी.

असं नाव कुठल्याच यादीत नाही, मी शोधलं आहे. पत्ता नाही असं उत्तर यायला हवं होतं. आलं १२७.०.०.१.

या पत्त्याचा अर्थ प्रत्येक मशीनवर एकच असतो. इथेच. या मशीनमध्येच.

कपाटाच्या पंख्यातून वारा येतो, तो ओला आहे. जेवून उठलेल्या माणसाने तोंडावर ढेकर द्यावी तसा.

मंगळवार, २२ एप्रिल

पंख्याची जाळी उघडली. पात्यांना केस गुंडाळलेले. काळे, तेलकट. केसांत भात. ओढले तर येतच राहिले, शेवटी काहीतरी मऊ तुटलं. चिमट्याने पिशवीत भरलं. पिशवी गरम होती.

नंतर हुकूम दिला. आता तीन कारणं दाखवत नाही. एकच. तुम्हाला परवानगी नाही.

आत्याचा फोन आला. जमलं का म्हणाली. जमतंय म्हटलं.

शुक्रवार, २५ एप्रिल

नीट विचार केला. किल्ली बरोबर. पोर्ट बरोबर. घड्याळ शिवयोगीचं. परवानगी त्याची. सर्व्हर फक्त एकाच हाताला ओळखतो आणि तो हात कधी धुतलेला नसायचा.

नाही. हे मी करणार नाही. अनामत गेली तरी—

पंधरा हजार. आत्याच्या डोळ्याला चष्मा लागला आहे. रात्री शिवते.

रविवार, २७ एप्रिल. अमावास्या.

ऑफिसला सुट्टी. तरी निंगव्वा आली. ताटलीत दहीभात. विचारलं, ऊटा आतेनु.

नाही म्हटलं. खरंच नाही. पाच दिवस.

तिने ताटली कपाटात ठेवली नाही. माझ्यापुढे ठेवली. स्वतः कालवून पहिला घास भरवला. गिळवेना. तिने पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, त्या दिवशी मी नव्हते रे. दुसरा घास मी माझ्या हाताने घेतला. आंबट होता.

चांगला लागला. ताटली चाटली.

हात धुतला नाही. तसाच बटणांवर ठेवला. हुकूम दिला.

दार उघडलं. यादी वाचली. सगळं मान्य. अण्णांना फोन केला, ते म्हणाले, वाघ हायस, उद्यापासनं कायम. आत्याला संध्याकाळी सांगतो. निंगव्वा रिकामी ताटली घेऊन गेली. जाताना दार बाहेरून ओढून घेतलं.

शिवयोगी विचारलं. असं नाव नाही, म्हणाला. सुटलो.

मग उगीच ऋतुराज विचारलं.

१२७.०.०.१

घड्याळ बघितलं. २७ एप्रिल २०२५, १ वाजून १० मिनिटे. बरोबर आहे. पण मघाशीही एवढंच—

डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर वाईट येतं. उजवा अजून ओला. दिवे मिणमिणतात. मागची पिन सैल झाली असावी. ती गेली तर हातात आलेलं सगळं गेलं, नोकरी, अनामत. आधी महिन्याचा हिशेब.

खर्च. कीबोर्ड ४५०. फिनेल, ब्रश १८५. हातमोजे १२०. खानावळ १,८००, न खाल्लेले डबेही धरून.
देणे. दुर्गाआत्या १५,०००. रसवंतीवाला १०, सुटे नव्हते.
देणे. निंगव्वा, एक जेवण.
एकूण

दिवे पुन्हा मिणमिणले. एवढी पिन दाबून येतो, मग बेरीज—