लाल पालवीचा पुरावा

सोम., १९ फेब्रु.
बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर आज पहिल्यांदा जे. एम. रोडला गेलो. सायकलवरूनच. नेहमीसारखी शाखेसमोरच्या कुसुमाच्या झाडाला टेकवायला गेलो, तर खोडावर चुन्याची फुली आणि महापालिकेचा कागद : 'वाळलेले झाड. काढणे.' मागे नवी सॉफ्टवेअर कंपनी होतेय, तिच्या पार्किंगला वाट हवी. वाळलेलं! अहो, पानगळ आहे ही, दरवर्षी असते. हरकत घ्यायची तर महिन्याभरात, फोटोसह. चरफडत घरी.
इतकी वर्षं खिडकीतून बघितलं हे झाड. मार्चमध्ये लालभडक होतं आणि नेमकं मार्चमध्येच आमचं क्लोजिंग. खाली उतरून नीट बघायला कधी फुरसत नाही. यंदा मिळणार होती.

शुक्र., २ मार्च
रोज फेरी, रोज नुसत्या काटक्या. बोडक्याचा फोटो काढून त्यांच्याच हातात कोलीत देऊ? सौ. : "पूर्वी बँकेत जायचात, आता झाडाकडे जाता. घरात काही फरक नाही."

शनि., १० मार्च
पालवी फुटली! गडद लाल. कॅमेरा घेऊन धावलो. फ्रेममध्ये कधी मोबाइलची जाहिरात, कधी स्कूटर, कधी भेळवाल्याची छत्री. बाकावरची एक मुलगी उठून आली. "काका, आमचे फोटो काढताय?" म्हटलं, "तुमच्यात काढण्यासारखं काही दिसलं नाही." तिच्याबरोबरच्या मुलाला हसू आलं, तिला नाही. शेवटी दुभाजकावर उभा राहून काढले. ट्रॅफिक पोलीस ओरडला ते वेगळंच.

मंगळ., १३ मार्च
रोल संपल्याशिवाय धुवायला देता येत नाही. म्हणून उरलेले सौ.चे काढले. गॅलरीत, देवापाशी, कुकरसमोर. "माझे फोटो निघायला झाडावर कुऱ्हाड यावी लागली," म्हणाली. पण साडी बदलून आली होती.

शुक्र., १६ मार्च
फोटो उत्तम. निखिलनं त्याच्या कंपनीत स्कॅन केले, अर्ज टाइप केला, रंगीत छापून आणला. असा देखणा कागद आमच्या शाखेत कधी आला नव्हता. चष्मा न लावताच सही ठोकली आणि देऊन आलो. चिरंजीव कॉम्प्युटरमध्ये असल्याचा उपयोग झाला म्हणायचा.

मंगळ., २० मार्च
झाडांच्या खात्यातल्या साहेबांनी बोलावलं. तरुण, सभ्य. "काका, तुम्हीच लिहिलंय की!" फोटोखाली इंग्रजीत, सुबक अक्षरांत : 'ऑटम कलर्स, जे. एम. रोड.' म्हणजे पानगळीचे रंग. माझी सही त्याच्या खालीच.
साहेबांच्या कॉम्प्युटरवर परदेशातलं जंगल, लालच लाल. म्हटलं, "अहो, तिकडे पानं मरताना लाल होतात. हे झाड पालवताना लाल होतं."
"मग हिरवी झाल्यावर फोटो आणा ना."
हिरवी व्हायला महिना लागेल! साहेबांनी हसून पुढची फाइल ओढली.
घरी निखिलवर खेकसलो. "बाबा, मला वाटलं छान दिसेल. आमचे अमेरिकेतले क्लायंट असेच फोटो पाठवतात." पुण्यात जन्मला, पुण्यात वाढला, आणि मार्चमध्ये अमेरिकेची पानगळ बघतो! तो जेवला नाही. मीही नाही.

सोम., २६ मार्च. पाडवा
गुढीला कडुलिंबाचा डहाळा आणला. कोवळी पानं, तांबूस. सौ.नं तो माझ्या नाकापुढे धरला. "हीपण वाळलीत का? विचारा तुमच्या साहेबांना." हे मला का सुचू नये? थोडा डहाळा ओल्या रुमालात गुंडाळून ठेवला. उद्या साहेबांच्या टेबलावर.

मंगळ., २७ मार्च
साहेब नाहीत. शिपाई : "मार्चएंडिंग आहे काका. एक तारखेनंतर या." हेच वाक्य मी जन्मभर काउंटरवरून लोकांना ऐकवलं. आणि झाड? "ते एकतीसच्या आत पाडायचं. नाहीतर निधी परत जातो."
डहाळा टेबलावर ठेवला. उन्हातून आणताना पार मान टाकली होती त्यानं. आता तो खरंच वाळलेला दिसत होता. इतका संताप झाला, पण करायचा कोणावर?

शुक्र., ३० मार्च
मी सायकलवर, निखिल आपणहून बरोबर, त्याच्या मोटरसायकलवरून. सायकल नेहमीसारखी झाडाला टेकवली. झाडाखाली टेम्पो, दोर, करवत. मुकादम म्हणाला, "आज नाय जमत. उद्या सकाळी पाडतो. तेवढी सायकल हलवा काका, मधी येतीय."
निखिल मान वर करून किती वेळ बघत राहिला. "बाबा, हे दरवर्षी असं होतं?"
"दरवर्षी."
निघताना सौ.नं एक जड पिशवी दिली होती. उघडली तर गॅलरीतल्या झोपाळ्याची साखळी आणि दाराचं कुलूप. खोडाला वेढा घालून माझी सायकल बांधली. निखिल म्हणाला, "थांबा," आणि मोटरसायकलही त्यातच अडकवली. मुकादम डोकं खाजवत टेम्पोत जाऊन बसला.
कोथरूडच्या घरापर्यंत दोघं चालत आलो. कुलपाची किल्ली सौ.नं मागून घेतली, कुठल्याशा डब्यात टाकली. कुठल्या ते विचारलं, तर एक तारखेपर्यंत सांगणार नाही म्हणते.